मधुमेह आणि घरातला तेलाचा कॅन

वाचकाचे पत्र

माझ्या यजमानांचे वय ५६ असून चार वर्षांपूर्वी त्यांना टाइप टू मधुमेह असल्याचे निदान झाले. मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड यांची एकत्र गोळी आणि रात्री कोलेस्टेरॉलची एक गोळी चालू आहे. मागच्या महिन्यातील तपासणीत एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ७.९, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८ आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबीचा एक प्रकार) २१० आले. सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहिले आहे. डॉक्टरांनी ‘तेल कमी करा’ एवढेच सांगितले. घरात मात्र प्रत्येकाचे मत वेगळे आहे. सासूबाईंना शेंगदाण्याच्या तेलाशिवाय दुसरे चालत नाही. मुलगा ऑलिव्ह ऑइलची बाटली घेऊन आला आहे. नणंद म्हणते, रिफाइंड तेल विषासारखे असते, लाकडी घाण्याचे आणले तर कोलेस्टेरॉलची गोळीही लागणार नाही. व्हॉट्सॲपवर कोणी खोबरेल तेलाचे गुण सांगते, तर कोणी साजूक तुपाचे. आम्ही घरात चौघे आहोत आणि महिन्याला पाच लिटरचा कॅन व वर एक लिटरची पिशवी लागते. तळून उरलेले तेल मी वेगळे ठेवून फोडणीला वापरते. दर रविवारी आम्ही मिसळ खायला जातो. गंमत अशी, की मिसळीनंतर दोन तासांनी यजमानांची साखर फारशी वाढलेली दिसत नाही, घरच्या पोळी-भाजी-भातानंतर मात्र वाढलेली दिसते. मग तेलकट खाल्लेले चालते असे समजावे का? आणि नेमके कोणते तेल वापरावे?

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात बऱ्याच तेलांची नावे आली आहेत, परंतु मला सर्वांत उपयोगी वाटले ते कॅन आणि पिशवीबद्दलचे वाक्य, कारण त्यावरून लगेच हिशेब मांडता येतो. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. पिशवीवर ते बहुधा छापलेलेच असते. सहा लिटर तेल चार माणसांत आणि तीस दिवसांत वाटले, तर दर माणशी रोज ५० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम तेल पोटात जाते. प्रत्येक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, तेव्हा केवळ तेलाच्या चारशेहून अधिक कॅलरी रोज होतात, आणि त्यात रविवारची मिसळ, चहाबरोबरचा चिवडा किंवा लग्नकार्यातले जेवण यांतले काहीही धरलेले नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलेले आहे, आणि हे प्रमाण निरोगी माणसासाठीचे आहे. ज्याला मधुमेह आहे, ज्याच्या यकृतात चरबी साठलेली आहे आणि ज्याला वजन उतरवायचे आहे, त्याला आम्ही आहारतज्ज्ञ सहसा याहून कमी, म्हणजे चहाच्या चमच्याने दिवसाला तीन ते चार चमचे तेल सांगतो. ‘तेल कमी करा’ या तुमच्या डॉक्टरांच्या सूचनेचा अर्थ मापाच्या भाषेत सांगायचा, तर चौघांच्या घरात महिन्याला अडीच ते तीन लिटर.

सहावरून अडीचवर एकदम उतरण्याचा प्रयत्न करू नका. पहिल्या महिन्यात कॅन तेवढा आणा आणि वरची पिशवी बंद करा. दुसऱ्या महिन्यात चार लिटर, तिसऱ्यात तीन. जिभेला सवय लागायला वेळ लागतो आणि सासूबाई व मुलगा यांनाही तेच जेवण जेवायचे आहे.

या हिशेबात तेलाचे नाव कुठेच आले नाही, याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. घाण्याचे असो, रिफाइंड असो, ऑलिव्ह असो वा तीळ, एका चहाच्या चमच्यात साधारण ४० कॅलरीच असतात. ‘हलके’, ‘लाइट’ अशा शब्दांनी रंग आणि वास यांचा बोध होत असेल, कॅलरींचा होत नाही. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा शिक्का तर सगळ्याच वनस्पतिजन्य तेलांना लागू आहे, कारण कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असते. शेंगदाण्यात ते कधी नव्हतेच.

आता साखरेशी तेलाचा संबंध पाहू. तेलात पिष्टमय पदार्थ अजिबात नसतात, त्यामुळे नुसत्या तेलाने ग्लुकोमीटरवरचा आकडा लगेच वाढत नाही. त्याचा परिणाम आडवाटेने होतो. गरजेपेक्षा अधिक गेलेल्या कॅलरी चरबीच्या रूपाने साठतात, आधी पोटाच्या घेरात आणि नंतर, तुमच्या यजमानांच्या सोनोग्राफीत दिसले तसे, यकृतात. यकृतात चरबी साठली, की इन्सुलिनचा हुकूम तेथे नीट चालत नाही आणि माणूस झोपेत असतानाही यकृत रक्तात साखर सोडत राहते. सकाळी उपाशीपोटी साखर चढलेली दिसते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. ग्रेड वन ही मागे फिरता येण्याजोगी अवस्था आहे. वजन पाच टक्के उतरले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते, आणि रोजच्या तेलातील दोनशे कॅलरी वाचवणे हा त्यासाठीचा बराच सोपा मार्ग आहे, कारण त्यात ताटातील एकही पदार्थ बंद करावा लागत नाही.

मिसळीबद्दलचे तुमचे निरीक्षण मला फार आवडले. ते खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. जेवणात स्निग्ध पदार्थ जास्त असले, की जठर रिकामे व्हायला उशीर लागतो. पावातील मैद्याची साखर एरवी तासा-दीड तासात रक्तात उतरली असती. तर्री, शेव आणि फरसाण यांच्या संगतीने ती हळूहळू उतरते आणि त्यामुळे दोन तासांचा आकडा बरा दिसतो. पुढे तीन, चार, कधी पाच तासांपर्यंत ती चढलेली राहते, आणि तोपर्यंत ग्लुकोमीटर कपाटात गेलेला असतो. येत्या रविवारी एकदा दोन तासांनी आणि पुन्हा चार तासांनी अशी दोनदा साखर पाहा, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबून राहायला नको. घरच्या जेवणानंतर आकडा वाढलेला दिसतो, तो तेल कमी पडल्यामुळे नव्हे. पोळ्या किती आणि वर भात किती, हे मोजले तर त्याचे उत्तर तेथेच सापडेल. पोळी आणि भात दोन्ही एकाच जेवणात असतील, तर त्यांतले एक ठेवून भाजी, कोशिंबीर व उसळ वाढवावी, एवढेच आज सांगतो. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

नाशिककराला मिसळ सोडा म्हणणे व्यर्थ आहे आणि तशी गरजही नाही. मोडाची मटकी हा त्या ताटातला उत्तम भाग आहे. तिच्यात प्रथिने आहेत आणि तंतुमय पदार्थही. अडचण वर तरंगणाऱ्या तर्रीची, पुन्हा पुन्हा मागून घेतलेल्या रश्श्याची, मूठभर फरसाणाची आणि चार पावांची आहे. तर्री वेगळी मागवून तिचा एखादा चमचाच घालावा, फरसाण निम्मे काढून ठेवावे, पाव एक, आणि सोबत दही व कच्चा कांदा भरपूर घ्यावा. महिन्यातून चारदा जाता त्याऐवजी दोनदा जा. फरसाण आणि हॉटेलातील तळण बहुधा पामोलिनमध्ये होते, कारण ते स्वस्त पडते आणि तापल्यावर लवकर बिघडत नाही. पाम तेलात मात्र संपृक्त चरबी निम्म्याच्या जवळपास असते, आणि ही चरबी एलडीएल वाढवते.

येथे तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे ‘कोणते तेल’ याकडे, वळता येते. माझे स्पष्ट मत असे आहे, की मधुमेही माणसाने तेलाचे नाव साखरेच्या आकड्यासाठी निवडू नये, हृदयासाठी निवडावे. तेलबदलाने साखरेत पडणारा फरक अगदी थोडा असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात आहारावरच्या १०२ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले होते. रोजच्या कॅलरींपैकी पाच टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांऐवजी किंवा संपृक्त चरबीऐवजी बहुअसंपृक्त (सूर्यफूल, सोयाबीन अशा तेलांत भरपूर असलेल्या) चरबीतून आल्या, तेव्हा एचबीए१सी सुमारे ०.१ टक्क्याने उतरला होता. दिशा चांगली आहे, पण ७.९ चा आकडा सातच्या खाली आणण्याचे काम तेलाची पिशवी बदलून होणार नाही. हृदयाचे तसे नाही. मधुमेह असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट असतो, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही माणसे दहा कोटींवर आहेत. तुमच्या यजमानांचा एलडीएल १३८ आहे. मधुमेहात तो शंभरच्या खाली असावा आणि धोका अधिक असल्यास सत्तरच्याही खाली, असे सहसा धरले जाते. तेलाची निवड हा आकडा थोडा खाली आणू शकते किंवा वर नेऊ शकते.

थंडीत किंवा साध्या हवेत गोठते ती चरबी बहुतांशी संपृक्त, ही ढोबळ खूण लक्षात ठेवायला सोपी आहे. खोबरेल तेलात संपृक्त चरबी ८५ टक्क्यांहून अधिक, तुपात साठ टक्क्यांच्या वर, शेंगदाणा तेलात वीस टक्क्यांच्या आत, सोयाबीनमध्ये पंधराच्या आसपास, सूर्यफुलात दहा-अकरा, तर करडईत याहूनही कमी असते. शेंगदाणा तेलाचा जवळपास निम्मा भाग एकअसंपृक्त असतो, ऑलिव्ह तेलाची ज्यासाठी कीर्ती आहे त्याच प्रकारचा. सोयाबीन, सूर्यफूल आणि करडई यांत बहुअसंपृक्त भाग मोठा असतो. राइस ब्रान म्हणजे तांदळाच्या कोंड्याचे तेल यांच्या मध्ये बसते, आणि त्यातील ओरायझॅनॉल व इतर घटक एलडीएल थोडा उतरवतात.

म्हणून सासूबाईंचा आग्रह चुकीचा नाही, हे त्यांना अवश्य सांगा. शेंगदाणा तेल घरात ठेवावे, भाजीला तेच वापरावे. त्यात उणीव एकच आहे, की ओमेगा थ्री प्रकारची चरबी जवळजवळ नसते. सोयाबीन तेलात ती सात टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून महिन्यातल्या तीन पिशव्यांपैकी दोन शेंगदाण्याच्या आणि एक सोयाबीनची, असे मी सुचवतो. सोयाबीनचा वास घरात कोणाला सोसत नसेल, तर त्या जागी करडई किंवा राइस ब्रान घ्या. मग ओमेगा थ्री जवसाच्या चटणीतून मिळवता येते. दोन तेले एकाच डब्यात ओतण्याची गरज नाही. आज एक, उद्या दुसरे, किंवा फोडणीला एक आणि पोळीच्या कणकेला दुसरे, असे चालते. बाजारात मिश्र तेलेही मिळतात; घ्यायचीच असतील तर कोणते तेल किती टक्के आहे हे पिशवीवर वाचून घ्या, कारण पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत एका तेलाचे नाव असते आणि मागे बारीक अक्षरांत भलत्याचेच प्रमाण मोठे निघते.

आता नणंदबाईंच्या घाण्याकडे येऊ. घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, ‘ई’ जीवनसत्त्व आणि इतर काही सूक्ष्म घटक त्यात अधिक टिकतात, हे मान्य. रिफाइंड करताना तेलातील आम्ल क्षाराने काढले जाते, विशिष्ट मातीतून गाळून रंग उतरवला जातो आणि दोनशे अंशांहून अधिक तापमानावर वाफ सोडून वास घालवला जातो. या सगळ्यात काही चांगले घटक जातात, पण चरबीची जडणघडण जवळपास तीच राहते. शेंगदाण्याचे तेल घाण्यावर काढले म्हणून त्यातील संपृक्त चरबी कमी होत नाही. दुसरी बाजू कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. शेंगदाण्याला ओल लागून बुरशी आली, तर तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृताला घातक असे विष तयार होते. रिफाइंड करताना ते बहुतांशी निघून जाते, घाण्याच्या तेलात राहू शकते. ज्यांच्या यकृताची तक्रार आधीच आहे, त्यांनी घाण्याचे तेल घेताना दाणे कोणते वापरले जातात हे स्वतः पाहून घ्यावे. काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे दिसले तर दुकानदाराचा घाणा सागाचा आहे की बाभळीचा, याला काही अर्थ उरत नाही. चांगल्या दाण्यांचे ताजे तेल मिळत असेल आणि खिशाला परवडत असेल, तर ते जरूर घ्या, थोडे थोडे आणा आणि उन्हापासून दूर ठेवा. त्याला धूर लवकर येतो, त्यामुळे फोडणीला ते चांगले, तळणाला नाही.

‘रिफाइंड म्हणजे विष’ या म्हणण्याला जोडून हल्ली आणखी एक भीती फिरते, ती अशी की सूर्यफूल-सोयाबीनसारख्या तेलांतील ओमेगा सिक्समुळे शरीरात दाह होतो आणि मधुमेह बळावतो. माणसांवर झालेल्या चाचण्यांत हा दाह वाढलेला आढळलेला नाही. उलट, वीस दीर्घकालीन अभ्यासांतील सुमारे चाळीस हजार लोकांची माहिती २०१७ मध्ये एकत्र मांडली गेली, तेव्हा ज्यांच्या रक्तात लिनोलेइक आम्ल, म्हणजे हेच ओमेगा सिक्स, अधिक होते, त्यांना पुढे टाइप टू मधुमेह कमी झालेला दिसला. हा निरीक्षणांवरचा निष्कर्ष आहे, त्यामुळे या तेलाने मधुमेह टळतो असे म्हणता येणार नाही. त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, एवढे मात्र नक्की म्हणता येते.

खोबरेल तेलाचा विषय थोडक्यात आटोपतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सोळा चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, इतर सामान्य वनस्पतितेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सुमारे दहा अंकांनी वाढलेला आढळला. ज्यांचा एलडीएल १३८ आहे, त्यांनी ते रोजचे तेल करू नये. तुपाबद्दल मी इतका कडक नाही. वरणभातावर चहाचा एक चमचा तूप घ्यायला हरकत नाही, पण तो चमचा दिवसाच्या तीन-चार चमच्यांतलाच धरायचा, त्यावरचा नाही. व्हॉट्सॲपवरचे गुणवर्णन करणारे हा हिशेब सांगायला नेहमी विसरतात.

मुलाने आणलेली बाटली वाया घालवू नका, कोशिंबिरीवर घाला. स्पेनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाचा हृदयाला फायदा दिसला आणि त्यातील निम्मी माणसे मधुमेही होती, हे खरे आहे; परंतु तेथे त्या तेलासोबत भाज्या, कडधान्ये, फळे आणि मासे असा सगळा आहारच तसा होता. आपल्या भरल्या वांग्यांत महाग ऑलिव्ह तेल ओतून तो लाभ पदरात पडणार नाही. एअर फ्रायरबद्दल मुलगा पुढे विचारीलच. पापड आणि कटलेटसाठी तो सोयीचा आहे, त्याच्यावाचून अडत मात्र काही नाही.

पिशवीतले तेल मोजले जाते, वाटणातले मोजले जात नाही, आणि आपल्या उत्तर महाराष्ट्राच्या स्वयंपाकात ही बाब मोठी आहे. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात भाजलेला कांदा आणि सुके खोबरे वाटून घालतात. सुक्या खोबऱ्याच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग चरबी असते, आणि तीही संपृक्त. चार माणसांच्या रश्श्यात अर्धी वाटी खोबरे घालत असाल, तर ते दोन मोठ्या चमच्यांवर आणा आणि दाटपणासाठी भाजलेले डाळे वाटून घाला, रस्सा पातळ लागत नाही. शेंगदाण्याच्या कुटाचे प्रमाणही पाहा. दाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल असते, पण ते चांगल्या प्रकारचे असते आणि सोबत प्रथिने व तंतू येतात, म्हणून कूट बंद करू नका. ज्या भाजीत कूट आहे तिची फोडणी निम्म्या तेलाची करा.

मापाची रीत अशी ठेवा. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे आकडे कोरलेले प्लास्टिकचे झाकण घ्या आणि आधी तुमची फोडणीची पळी पाण्याने भरून त्या झाकणाने मोजा. अनेक घरांतल्या पळीत तीस मिलिलिटर सहज मावते, म्हणजे एका पळीत एका माणसाचा दिवसभराचा वाटा संपून वर उरतोच. मग रोज सकाळी चौघांचे मिळून ऐंशी मिलिलिटर तेल एका वाटीत काढून ओट्यावर ठेवा आणि दिवसभर त्याच वाटीतून घ्या. कॅन खालच्या कप्प्यात राहू द्या. संध्याकाळी वाटी रिकामी झाली, तर रात्रीची आमटी तेलाशिवाय जिरे-लसूण भाजून करता येते. फोडणीला तेल लागते ते मोहरी तडतडण्यापुरते आणि हिंग-हळद करपू नये एवढे. भाजी शिजते ती वाफेवर. लोखंडी कढईत दोन चमचे तेलाची फोडणी करून भाजी परतावी, मीठ लगेच घालावे म्हणजे भाजीला पाणी सुटते, आणि झाकणीवर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवावी. गवार, भेंडी, दोडका, फ्लॉवर या रीतीने उत्तम होतात. वांगे आणि बटाट्याच्या काचऱ्या मात्र तेल पितात. वांगी आधी भाजून किंवा वाफवून घ्या, आणि काचऱ्या तशाही साखरेच्या दृष्टीने रोजच्या नव्हेत.

तळून उरलेल्या तेलाची तुमची सवय अर्धी योग्य आहे. एकदा तळलेले तेल थंड झाल्यावर गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवले, तर चालते. त्यात पुन्हा तळू नये आणि जुन्यात नवे ओतू नये, कारण जुने तेल नव्यालाही लवकर बिघडवते. तेल पुन्हा पुन्हा तापले की त्यात ध्रुवीय संयुगे (तेल किती बिघडले हे ज्यांवरून मोजतात ती रसायने) आणि रक्तवाहिन्यांना त्रासदायक असे इतर पदार्थ वाढत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि त्यापुढचे तेल हॉटेलांना वापरता येत नाही. घरात हे मोजण्याचे साधन नसते, पण तेलाला फेस येणे, ते चिकट व गडद होणे आणि कढई तापताच धूर निघणे, यांवरून ते कळते. असे तेल टाकून द्यावे, जीव कितीही खालीवर झाला तरी. वनस्पती तूप आणि खारी, टोस्ट यांविषयी एवढेच, की २०२२ पासून ट्रान्स फॅटची कायदेशीर मर्यादा दोन टक्क्यांवर आली असली, तरी खारीत मैदा आणि संपृक्त चरबी आहेच. चहाबरोबर मूठभर भाजलेले चणे बरे.

जवसाची चटणी वर येऊन गेली. जवस भाजून वाटावे लागतात. अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. वाटलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यातून सुमारे दीड ग्रॅम ओमेगा थ्री मिळते आणि तंतू मिळतात ते वेगळे. जवसाचे तेल मात्र तापवू नये. पेठ-सुरगाण्याकडची खुरासनी बाजारात दिसली, तर तिचीही चटणी करा. तिच्यातील चरबी बहुअसंपृक्त आहे आणि नागलीच्या भाकरीबरोबर तिची चव औरच लागते.

सासूबाईंबद्दल एक सूचना. त्यांचे वय आणि वजन तुम्ही लिहिलेले नाही. त्या कृश असतील किंवा त्यांचे जेवण कमी झाले असेल, तर सगळ्यांबरोबर त्यांचेही तेल तोडू नका. स्वयंपाक सर्वांसाठी कमी तेलाचा करून त्यांच्या भाकरीवर किंवा भातावर वरून तेल-तूप वाढावे.

शेवटी औषधांचे. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करण्याचा विचार पूर्णपणे सोडून द्या. तेलबदलाने एलडीएल थोडा उतरतो. त्या गोळीने तो तीस ते पन्नास टक्के उतरू शकतो, आणि मधुमेही माणसाला हृदयविकाराच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या औषधांत तिचे स्थान फार वरचे आहे. खरे तर गोळी चालू असताना एलडीएल १३८ यावा, हेच मला खटकते. यजमान ती रोज घेतात का, की नणंदबाईंचे बोलणे ऐकून अधूनमधून चुकवतात, हे शांतपणे विचारा. रोज घेत असतील, तर मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला. ट्रायग्लिसराइड्स २१० आहेत, त्यांचा संबंध तेलापेक्षा साखर, मैदा, भात आणि घेत असल्यास मद्य यांच्याशी अधिक आहे. दुसरी काळजी ग्लिमेपिराइडची. तेल, तळण आणि पोळ्या कमी होऊन वजन उतरू लागले, की हीच मात्रा जास्त होऊन साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, अचानक भूक, गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली आणि साखर ७० च्या खाली असली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला उशीर होतो. अशी वेळ एकदा जरी आली, तरी डॉक्टरांना कळवावे, ते मात्रा कमी करतील.

तेल खरोखर तीन लिटरवर आल्यानंतर तीन महिन्यांनी एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल आणि यकृताच्या तपासण्या एकाच वेळी करून घ्या, आणि अहवालासोबत दर महिन्याला किती लिटर तेल लागले याचे आकडे व यजमानांचे वजन कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. मिसळीच्या रविवारचे दोन आणि चार तासांचे आकडेही त्याच कागदावर लिहा.